दोन्हीची अक्षरे चारच

कोल्हापुरात महाद्वार रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात भांड्यांचे लहानसे दुकान आहे. दारात पितळी घागरी एकीवर एक चढवलेल्या, वर दोरीला पळ्या आणि झारे टांगलेले, आणि उंबऱ्यालगतच्या कोपऱ्यात पोत्यावर बसून भांड्यांवर नावे घालणारा एक माणूस. आईच्या वर्षश्राद्धानंतर देवीला अर्पण करायचे म्हणून मी त्या दुकानातून एक पितळी तबक घेतले. दुकानदाराने ते फडक्याने लखलखीत पुसून त्या माणसाच्या हातात दिले. त्याने तबक मांडीवर आडवे धरले, काठावरून अंगठा फिरवून जागा अजमावली, पेन्सिलीने दोन बारीक रेघा ओढल्या, हातातले विजेवर चालणारे यंत्र सुरू केले आणि टोक पितळेला टेकवण्याआधी मान वर करून विचारले, "ताई, महालक्ष्मी घालू का अंबाबाई?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. यंत्र त्याच्या हातात घूं घूं करत राहिले. गिऱ्हाईक पैशापाशी अडले असेल असे वाटून त्याने समजुतीच्या स्वरात सांगितले, "दोन्हीची अक्षरं चारच हाईत. पैसं तेवढंच." मी मनातल्या मनात मोजून पाहिले. खरोखरच चार होती. २९ वर्षे शाळेत संस्कृत शिकवलेल्या बाईला जे कधी दिसले नव्हते, ते त्याला अक्षरामागे पैसे घेत असल्यामुळे दिसले होते. "उद्या येऊन सांगते," असे काहीतरी पुटपुटून मी निघाले. त्याने यंत्र बंद केले आणि तबकात चिठ्ठी टाकून ते बाजूला सरकवले.

उद्या म्हणून गेलेली मी पाचव्या दिवशी परतले.

या दोन नावांवरून कोल्हापुरात काय काय झाले आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मूर्तीमागे सिंह आहे म्हणून ती शक्ती, तिरुपतीहून शालू येतो म्हणून ती विष्णुपत्नी, अशा दोन्ही बाजू चहाच्या गाड्यावरसुद्धा तावातावाने मांडलेल्या ऐकायला मिळतात. माझ्यापुढचा प्रश्न मात्र गावचा नव्हता, घरचा होता. आमच्या घरात दोन्ही नावे नांदत होती आणि त्यांच्या हद्दी ठरलेल्या होत्या. अण्णा महालक्ष्मी म्हणत. पत्राच्या माथ्यावर, जमाखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर, दादाच्या आणि माझ्या लग्नपत्रिकेवर त्यांनी 'श्री महालक्ष्मी प्रसन्न' असेच घातले. आई अंबाबाई म्हणे. गुडघ्यावर हात टेकून उठताना, दूध उतू जाताना, दादाची गाडी घाटात असताना, रात्री सगळी आवराआवर झाल्यावर ओट्यावरचा दिवा मालवताना तिच्या तोंडी तेच असे. तिने ते नाव कुठे लिहिलेले मला आठवत नाही आणि अण्णांनी आपले नाव घेऊन हाक मारलेली आठवत नाही. पाळण्यातले नाव वेगळे आणि हाकेचे वेगळे, अशी माणसे प्रत्येक घरात असतात. तशी आमच्या घरात देवी होती. पेच असा होता की तबकावर नाव लिहायचे होते, आणि तबक आईचे होते.

त्या रात्री मी जुनी सवय म्हणून कोश काढून बसले. लक्ष्मी या शब्दाचा मूळ अर्थ पैसाअडका नव्हे. लक्षण, लक्ष्म, लक्ष या शब्दांच्या कुळातला हा शब्द आहे आणि त्याचा जुना अर्थ खूण, चिन्ह असा आहे. खूण चांगलीही असते, वाईटही असते, म्हणून अथर्ववेदात पुण्या लक्ष्मी आहे तशी पापी लक्ष्मीही आहे, आणि त्या दुसरीला इथून उडून जा असे बजावलेले आहे. पण मला अधिक आवडते ती ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातील ७१व्या सूक्तातली लक्ष्मी. चाळणीने सातू चाळून घ्यावे तशी जाणती माणसे मनाने चाळून वाणी घडवतात, तिथे मित्रांना मैत्रीची ओळख पटते आणि त्यांच्या वाणीत भद्र लक्ष्मी ठेवलेली असते, असे तो ऋषी म्हणतो. वर्गात ही ऋचा शिकवताना मला नेहमी आईच्या हातातली चाळणी दिसत असे: ज्वारीचे पीठ चाळताना तळव्याच्या मुळावर बसणारा तो ठेका, खाली परातीत साठत जाणारा पांढरा डोंगर, वर उरलेला कोंडा आणि तिच्या भुवयांवर बसलेली पिठाची बारीक साय.

मग अण्णांची सप्तशतीची पोथी उघडली. तिच्या शेवटी जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मी ही सर्वांच्या आधीची म्हणून येते. तिच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, म्हणजे आमच्या गाभाऱ्यातल्या मूर्तीच्या हातांत आहे तेच. ती कोणाची पत्नी नाही. उलट, ब्रह्मदेव आणि लक्ष्मी ही जोडी तिच्यापासून उत्पन्न होते, आणि ती दोघे समोर येताच ती सर्वप्रथम काय करते, तर त्यांना हाका मारते. मुलाला ब्रह्मन्, विधे, विरिंच, धाता अशी चार नावे. मुलीला श्री, पद्मा, कमला, लक्ष्मी अशी चार. पोथीत तिथे हाक मारणारीसाठी जो शब्द आहे तो 'माता' असा आहे. शब्दावर अण्णांनी शिसपेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती. कधी मारली, का मारली, कोण जाणे. ज्या पानावर त्यांना महालक्ष्मी सापडली होती त्याच पानावर तिला आई म्हटलेले होते, आणि याविषयी ते आईशी कधी बोलले असतील असे मला वाटत नाही. ती दोघे बाजारहाटाखेरीज फारसे काही बोलत नसत.

अण्णांच्या नावांची पहिली ओळख आम्हां मुलांना आचमनाने झाली. सकाळी सात वाजता देवघरासमोर ताम्हन, पळी, पंचपात्र मांडून ते बसत. केशव, नारायण, माधव या तीन नावांना पाण्याचा घोट, गोविंद म्हणताना हातावरून ताम्हनात सोडलेले पाणी, आणि पुढे एका दमात श्रीकृष्णापर्यंत धावत जाणारी २० नावे. एकूण २४. दादाने एकदा विचारले की चोवीसच का, पंचवीस का नाहीत. अण्णांनी उत्तर दिले नाही. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर त्यांनी आम्हां दोघांना सोप्यात पाठीला पाठ लावून उभे केले. चार हात झाले. मग एका हातात शंख म्हणून शिंपला, दुसऱ्यात चक्र म्हणून सोड्याच्या बाटलीचे बूच, तिसऱ्यात गदा म्हणून लाटणे आणि चौथ्यात पद्म म्हणून परड्यातले जास्वंद दिले आणि ते एकेक वस्तू या हातातून त्या हातात हलवू लागले. प्रत्येक बदलाला एक नाव. "हा केशव. आता हा नारायण. हात वर धर, माधव आहेस तू." चार वस्तू चार हातांत मांडण्याचे प्रकार चार गुणिले तीन गुणिले दोन इतकेच होतात, आणि विष्णूच्या चोवीस मूर्ती शिल्पकाराला एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येतात त्या एवढ्याच फरकावरून, हे मला त्या संध्याकाळी कळले. अठराव्या की एकोणिसाव्या नावाला माझा हात भरून आला. जनार्दनापर्यंत जास्वंदीचा लगदा झाला होता आणि आई स्वयंपाकघरातून लाटणे परत मागत होती.

पुढे विष्णुसहस्रनाम शिकले तेव्हा त्या खेळाची आठवण झाली. शरशय्येवरचे भीष्म नावे सांगू लागण्याआधी त्या नावांना 'गौण' म्हणतात. आजच्या मराठीत गौण म्हणजे दुय्यम, कमी महत्त्वाचे. म्हणून वर्गात हा शब्द आला की मुले गोंधळत. तिथे त्याचा अर्थ गुणावरून पडलेले, असा आहे. म्हणजे यातले प्रत्येक नाव कोणीतरी काहीतरी पाहून ठेवलेले आहे. दुसरा गोंधळ हजार या संख्येचा. त्या हजारांत काही नावे पुन्हा पुन्हा येतात. विष्णू हेच नाव तीनदा येते, माधव तीनदा, वासुदेव तीनदा, केशव दोनदा. मग हजार भरली कशी? शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाष्यात याचे उत्तर असे दिले आहे की शब्द तोच असला तरी त्याची वृत्ती, म्हणजे अर्थ सांगण्याची रीत, वेगळी, म्हणून अर्थ वेगळा, म्हणून ते नाव दुसरे. केशव म्हणजे सुंदर केसांचा, केशव म्हणजे केशीला मारणारा, केशव म्हणजे क, अ आणि ईश, अर्थात ब्रह्मा, विष्णू व रुद्र ज्याच्या ताब्यात आहेत तो. माधव म्हणजे मा जी लक्ष्मी तिचा धव, म्हणजे पती. माधव म्हणजे मधुकुळात जन्मलेला. माधव म्हणजे मौन, ध्यान आणि योग यांनी जाणायचा. विद्यार्थिदशेत हे मला पंडितांचे चातुर्य वाटत असे, हिशेब जुळवण्यासाठी केलेले. अजूनही काही ठिकाणी तसे वाटते. दामोदर या नावाचा दम, म्हणजे इंद्रियनिग्रह, असा अर्थ महाभारतापासून सांगितला जातो आणि तो आदरणीय आहे, पण मला विचाराल तर पोटाला दावे बांधलेल्या पोरापुढे त्याचा टिकाव लागत नाही. यशोदेचे दावे दर वेळी दोन बोटे कमी पडत होते, हे एकदा ऐकलेल्याला दमाची गरज काय? तरी पुनरुक्तीच्या त्या उत्तरात काहीतरी खरे होते, आणि ते मला भाष्यात न कळता आईच्या स्वयंपाकघरात कळायला हवे होते. उतू जाणाऱ्या दुधापाशी म्हटलेली अंबाबाई आणि दिवा मालवताना म्हटलेली अंबाबाई ही एकच नव्हती. पहिलीत दटावणी असे, थोडा रागही असे, जणू गॅस बारीक करायला देवीने विसरावे. दुसरीत नुसता श्वास असे.

एक अर्धा गुण मी अजून देणे लागते.

नववीच्या सहामाहीत आकारान्त स्त्रीलिंगी नामाचे संबोधन विचारले होते. माला, हे माले. पण अम्बा, हे अम्ब. आईच्या अर्थाच्या शब्दांना हाक मारताना शेवटचा स्वर ऱ्हस्व होतो, आणि त्यासाठी पाणिनीने 'अम्बार्थनद्योर्ह्रस्वः' असे सूत्र लिहिले आहे. सगळ्या व्याकरणाची चार हजारांच्या आत-बाहेर सूत्रांत मोट बांधणाऱ्या, मात्रा मात्रा वाचवणाऱ्या त्या माणसाला आईची हाक नियमात बसवता आली नाही, तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागली, हे मी वर्गात फार रंगवून सांगत असे. एका मुलीने 'हे अम्बे' लिहिले. मी अर्धा गुण कापला. तिची आई देवळाबाहेर ओटीचे सामान घेऊन बसत असे: खण, नारळ, बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या. उत्तरपत्रिका घेऊन ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, मग देवळात सगळेच चुकतात?" मी सांगितले की देवळात म्हणतात ते मराठी, पेपर संस्कृतचा. तिने मान हलवली आणि ती गेली. उत्तर बरोबर होते. मराठीत अंबेच म्हणतात. पण पुढे कधीतरी यजुर्वेदातला अश्वमेधाचा भाग वाचताना 'अम्बे अम्बिके अम्बालिके' अशी हाक समोर आली आणि मी पान मिटून ठेवले. पाणिनीच्या कितीतरी आधी कोणीतरी आईला अगदी त्या मुलीसारखी हाक मारून ठेवली होती. तोवर ती शाळा सोडून गेली होती. देवळाबाहेरून जाताना मी त्या ओटीच्या पाटांकडे पाहणे टाळते, असे म्हटले तर कोणाला खोटे वाटेल, पण टाळते.

दुरुस्त करण्याची ही खोड मला फार लवकर लागली होती. आज्जी, म्हणजे आईची आई, तुकाईची गोष्ट सांगत असे. सीतेला शोधत राम वनात वेड्यासारखा फिरतो आहे, झाडांना मिठ्या मारतो आहे, आणि पार्वती त्याची परीक्षा पाहायला सीतेचे रूप घेऊन वाटेत उभी राहते. राम तिच्याकडे पाहतो, हात जोडतो आणि विचारतो, "तू का आई?" म्हणून ती तुकाई. आज्जी हे सांगताना 'तू का' वर थांबत असे, नजर किंचित वर करत असे, आणि 'आई' हा शब्द इतका हळू उच्चारत असे की तो ऐकायला आम्ही पुढे सरकत असू. मी कॉलेजात संस्कृत घेतले त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती धाकट्या भावंडांना ही गोष्ट सांगत होती, फराळाच्या डब्यांना तेलाचा वास येत होता, आणि मी मध्येच म्हणाले, "आज्जी, व्युत्पत्ती अशी नसते. रामाला मराठी कुठे येत होते?" सगळे हसले. आज्जीही हसली. मग तिने मला विचारले, "बरं, मग काय म्हणाला असंल त्यो?" मला काही सांगता आले नाही. तिने गोष्ट पुढे नेली नाही. त्या दिवाळीनंतर मी तिच्या तोंडून तुकाई ऐकली नाही. माझ्यासमोर सांगायची नाही एवढेच तिने ठरवले होते, की गोष्टच सोडून दिली होती, हे भावंडांना विचारायचे धैर्य मला झाले नाही.

एम.ए.ला यास्काचे निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांचे उगम आणि अर्थ सांगणारा जुना ग्रंथ, होते. वेदमंत्रांना अर्थच नाही असे म्हणणाऱ्या कौत्साचे मत यास्क मांडतो आणि मग त्याचे एकेक आक्षेप खोडून काढतो. वेद पाठ केला पण अर्थ जाणला नाही असा माणूस म्हणजे भार वाहणारा नुसता खांब, हे वचन तिथलेच. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. मात्र त्याच यास्काने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, जी मी परीक्षेपुरती वाचली आणि सोडून दिली. शब्दाचा उगम लावताना आधी अर्थ धरावा, अक्षरांचे नुसते साम्य मिळाले तरी त्यावरून निर्वचन करावे, पण निर्वचन केल्यावाचून राहू नये: 'न त्वेव न निर्ब्रूयात्'. आज्जीने याहून वेगळे काय केले होते? तिला एक नाव मिळाले होते आणि ते बंद ठेवणे तिला शक्य नव्हते. तिने ते उघडले, आत एक राम ठेवला, बायको हरवलेला, आणि त्या अवस्थेतही समोरच्या बाईला आई म्हणून ओळखणारा. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती चुकीची आहे, हे मी आजही म्हणेन. वर्गात कोणी लिहिली तर गुण देणार नाही. आणि तरी नाव घेणाऱ्याला त्या नावाशी घटकाभर थांबवण्याचे जे काम व्युत्पत्तीने करायचे असते, ते माझ्या कोशातल्या कोणत्याही नोंदीने तितके केलेले नाही.

आमच्या गावाला तर अशा उघडलेल्या नावांची वाणच नाही. त्र्यंबोलीची टेंबलाई झाली आणि टेकडीवर बसली. रुसलेल्या या सखीला भेटायला ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिच्या दारी जाते, तिथे कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडी मिळवायला झुंबड उडते. लहानपणी मला वाटे की कोल्हापूर हे नाव त्या कोहळ्यावरूनच पडले असणार. आईने सांगितले की कोहळा म्हणजे कोल्हासुर. मरताना त्याने देवीकडे मागितले की या जागेला माझे नाव राहू दे, आणि तिने हो म्हटले. करवीर माहात्म्यातली ही कथा सर्वांना पाठ आहे, पण तिच्यातली गंमत मला एस.टी. स्टँडवर उमगली. सांगलीच्या फलाटावर कंडक्टर दारात उभा राहून "कोल्हापूर, कोल्हापूर, कोल्हापूर" असे इतक्या वेगाने म्हणत होता की त्याची जपमाळ झाली होती. देवीचे नाव आम्ही दिवसातून जितक्या वेळा घेतो त्याच्या किती पट त्या असुराचे घेतो! मुलाला नारायण म्हणून हाक मारता मारता तरलेल्या अजामिळाचा न्याय लावायचा झाला तर आम्हां सगळ्यांचे काय होणार, असे मी आईला विचारले होते. ती भाजी निवडत होती. "तिनंच हो म्हटलं न्हवं का," एवढे म्हणून तिने मेथीची पुढची काडी मोडली.

आईला अर्धांगाचा झटका आला तो पावसात. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. इस्पितळाच्या खोलीत खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत असे, स्पिरिटचा आणि ओल्या छत्र्यांचा वास भरलेला असे. वहिनी उशाशी बसून ललितासहस्रनाम म्हणत असे, कारण आई दर शुक्रवारी आळीतल्या बायकांबरोबर ते म्हणायची. श्रीमाता या नावाने ते सुरू होते आणि ललिताम्बिका या नावावर संपते; आईपासून निघून हजार नावे फिरून पुन्हा आईपाशीच. चौथ्या दिवशी आईच्या तोंडून एक शब्द आला. डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून, ओढून काढल्यासारखा. "बाई." पुढचे तेरा दिवस ती तेवढेच म्हणाली. दादाचे म्हणणे पडले की ती अंबाबाई म्हणते आहे, अर्धे नाव तोंडातच राहते आहे. मला वाटले की ती आज्जीला बोलावते आहे, कारण ती आपल्या आईला बाईच म्हणत असे. वहिनीने हळूच सुचवले की त्या तुम्हांलाच म्हणत असतील. मी शाळेत लागल्यापासून आई चेष्टेने "आल्या आमच्या बाई" असे म्हणायची, हे खरे होते. आम्ही तिघे त्या एका शब्दावर, तिच्या खाटेभोवती, खालच्या आवाजात वाद घालत होतो. रात्रपाळीच्या आयाबाईंना मात्र कसलीच शंका नव्हती. हाक आली की त्या "आले गं, आले" म्हणत चपला ओढत येत, उशी सारखी करत, कूस बदलत, ओल्या बोळ्याने ओठ टिपत. आई त्यांच्याकडे डोळे भरून पाहत असे. तिला जी हवी होती ती आलेली आहे, असे ते पाहणे होते. त्या दृष्टीचा मला राग आला होता, हे आज लिहून टाकते.

पाचव्या दिवशी दुकानात गेले तेव्हा दुपार टळत आली होती आणि बोळात तिरके ऊन शिरले होते. त्या माणसाने मला ओळखले, काही न विचारता तबक खाली काढले, चिठ्ठी खिशात घातली. मी म्हणाले, "अंबाबाई घाला." त्याने मान डोलावली. "पुढं श्री घालतो. श्रीचं पैसं घेत न्हाई मी." मला हसू आले. का आले ते त्याला सांगत बसले नाही. रहस्यातल्या त्या मुलीच्या चार नावांतले पहिले नाव फुकटात, न मागता, आईच्या नावापुढे येऊन बसणार होते. यंत्र सुरू झाले. टोक टेकताच घूं घूं आवाज किंचित जाड झाला आणि पितळेची सोनेरी पूड त्याच्या मांडीवरच्या फडक्यावर पडू लागली. तो अक्षरे काढत नव्हता, टिंबाला टिंब जोडत चालला होता. श्री झाले, मग नाव झाले, मग 'चरणी', मग आईचे नाव. त्याने फुंकर मारली, अंगठ्याने पुसले आणि तबक माझ्यापुढे धरले. मी वाचले. जुन्या सवयीने दुसऱ्यांदा वाचले. 'अबाबाई' असे झाले होते. मी काही बोलले नाही, नुसते बोट दाखवले. त्याने जीभ चावली, तबक पुन्हा मांडीवर घेतले, यंत्राचे टोक पहिल्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन क्षणभर टेकवले आणि उचलले.